रऊफभाईच्या छपरीतून लंकेला

आमच्या घरात लंका शिरली ती चहाच्या गाडीतून.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. अमरावतीला राजापेठेत तेव्हा एक मोटार यायची. तिच्यातून कोट-टोपीवाला माणूस उतरायचा, फोनोवर तबकडी लावायचा आणि येईल त्याला फुकट चहा पाजायचा. लोकांना चहाची सवय लागावी म्हणून हा सगळा खटाटोप. आमच्या मालकांना सवय लागायला एक कप पुरला असता, पण ते चार प्यायले आणि वर एक रंगीत चित्र मागून घरी घेऊन आले. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लिहू नये असं कोणी म्हटल्याचं मला माहीत नाही, म्हणून लिहिते. त्यांचं नाव खुशालराव.

चित्रात निळंशार पाणी होतं. पाण्यावर वाकलेलं नारळाचं झाड होतं आणि झाडाखाली, तोंडावर टोपी ठेवून, एक माणूस आडवा झाला होता. हे लंकेचं बेट, चहा तिकडूनच येतो, असं गाडीवाल्याने सांगितलं होतं.

"पाह्य वो शकुन, समुद्र!" मालक म्हणाले.

समुद्र मी पाहिला. ठीक होता. मग त्या माणसाकडे पाहिलं आणि माझी नजर तिथेच अडकली. चित्रात लख्ख ऊन होतं. भर दिवसा हा बाप्या झोपला होता, आणि कोणी त्याला हाक मारत नव्हतं.

"याची बायको कोठी हाय जी?" मी विचारलं.

मालकांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली. "चित्राच्या बाहेर असन," ते म्हणाले. "नारळं वेचून राहिली असन."

मला तेव्हाच राग आला होता. पण रागवायलाही वेळ लागतो, आणि वेळ माझ्याकडे नव्हता. आम्ही फुलमाळी. राजापेठेच्या मागे तेव्हा मळेच मळे होते, त्यातला एक आमचा. गुलाब, मोगरा, शेवंती. अंबादेवीच्या देवळात सकाळच्या आरतीला आमची फुलं जात, म्हणजे तांबडं फुटायच्या आत टोपल्या भरलेल्या हव्यात. फुलं तोडायची मी, न्यायची मालकांनी. देवीला सुट्टी नाही, गुलाबाला नाही, म्हणून मलाही नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. एका बाळंतपणाचे दहा दिवस सोडले तर (ती लेक तोवर सासरी गेली होती) उगवत्या सूर्याने मला कधी आडवी पाहिलेली नव्हती. अकोल्याला जुन्या शहरात माझं माहेर, मोर्णा नदीच्या अलीकडे उतरलं की अर्ध्या तासाची वाट. तिथेसुद्धा तिसऱ्या दिवशी मालक दारात उभे. "गुलाब उमलून राहिले वो," म्हणायचे, जणू माझ्या आईनेच ते उमलवले.

त्यामुळे मालक जेव्हा म्हणाले, "आपुन लंकेले जाऊ, पंधरा दिवस," तेव्हा मी नको म्हटलं नाही. समुद्राशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला त्या टोपीवाल्याची जागा हवी होती. पंधरा दिवस मिळाले नाहीत तर पाच. पाच नाहीत तर एक सकाळ तरी.

झालं, तयारी सुरू झाली. मालकांची तयारी म्हणजे सगळ्या राजापेठेला बातमी. लंका म्हटल्यावर लोकांना सोन्याशिवाय काही सुचेना. समोरच्या शेषरावांनी घराच्या पायरीसाठी एक वीट आणायला सांगितली आणि मालकांनी ती कागदावर लिहूनही घेतली. घरात ज्वारीचं पीठ, तिखट, लोणच्याची बरणी, शेवयांसारखे सरगुंडे, पितळी तांब्या आणि दोन घोंगड्या जमा झाल्या. समुद्रकाठी घोंगडी कशाला, तर मालक म्हणाले, "पान्यापाशी गारवा असते." आमच्या सासूबाई पार्बताबाई यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोलण्यात अंधार नव्हता. त्या म्हणाल्या, "दक्षिणेले कोनी हौसेनं जाते काय रे? तिकडं यमाचं घर हाय."

यमाचं नाव निघालं आणि मालकांनी हातातली घोंगडी खाली ठेवली. त्यांनी पंचांग पाहणाऱ्या नत्थुजींना बोलावलं.

मुहूर्त आणि आगगाडी यांचं आपल्याकडे गाडी आल्या दिवसापासून जमलेलं नाही. नत्थुजींनी पाहिलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, शुक्रवारी भर दुपारी उत्तम वेळ, आणि गाडी धरायची ठरली होती रविवारी. अशा वेळी आपल्या लोकांनी तोड काढून ठेवलेली आहे, प्रस्थानाची. मुहूर्त चुकू नये म्हणून हळद, सुपारी, तांदूळ फडक्यात बांधून ते गाठोडं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला. मग तो सावकाश गाडीच्या वेळेला जाईना का!

"गाठोड्याचं परस्तान चालते," नत्थुजी म्हणाले. "पन मानसाचं परस्तान लय पक्कं. मानूस सवताच शेजारी जाऊन राह्यला, का मंग यम भी त्याले अडवत नाही."

पक्कं म्हटल्यावर मालकांना पक्कंच हवं. पण ते स्वतः दोन दिवस शेजारी जाऊन राहिले तर बाजार कोण करणार, बडनेरा स्टेशनावर गाडीची चौकशी कोण करणार? मालकांनी डोकं खाजवलं आणि त्यांना सुचलं. त्यांना सुचतं तेव्हा मला धडकी भरते.

"नवरा-बायको काही येगळे हायेत काय?" ते म्हणाले. "शकुनचं परस्तान करून टाका. थे निघाली म्हनजे मी निघालो."

नत्थुजींना दक्षिणा मिळणार होती, त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवजा. शुक्रवारी बारा वाजता उंबरठा ओलांडला का मंग मांगं पाय नाही. घर, आंगन, मळा, हीर, जे जे तुमचं ते समदं वर्ज्य. लंका पाहून आल्यावरच परत. नाहीतर घरधन्याले वाईट."

"मळा भी?" मी विचारलं.

"मळा भी."

मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं तर लोक शब्द बदलतात.

दक्षिणेला आमच्या शेजारी एकच घर, रऊफभाई बागवानांचं. त्यांचा संत्री-केळ्यांचा धंदा. घरापुढे कवेलूंची, म्हणजे कौलांची, उतरती छपरी, तिथे रिकाम्या टोपल्यांच्या चळतीजवळ त्यांनी माझ्यासाठी खाट टाकली. रऊफभाई म्हणाले, "भाभी, अपनाच घर समझा. लंका गेल्यावर आमाले भूलू नका म्हनजे झालं." त्यांची घरवाली कुलसुमबी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चोवीस वर्षं आम्ही कुंपणावरून बोलत होतो, आणि दोघींच्या हातात कायम काहीतरी काम असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा माझे हात मोकळे पाहून ती घाबरलीच. "तबेत बरी हाय ना बाई?" म्हणाली.

शनिवारी पहाटे मी सवयीने उठून बसले. अंधारात आमच्या मळ्यातून मालकांचा आवाज आला. "अरे बापा! आई गं! मेलो!" ते गुलाब तोडत होते. मी पायात वहाणा घातल्या, आणि मग घरधन्याला वाईट होईल हे आठवून काढून ठेवल्या. नवऱ्याच्या भल्यासाठी बाईने काय काय सोसायचं! मी परत आडवी झाले.

त्याच दिवशी दुपारी बडनेऱ्याहून चंद्रभान आला. हा मालकांचा मावसभाऊ, रेल्वेत माल नोंदवायच्या कामावर. त्याने सगळी चौकशी करून आणली होती. मी छपरीत, मालक कुंपणापलीकडे आमच्या हद्दीत, आणि तो मध्ये उभा राहून सांगत होता. "बडनेऱ्याहून वर्धा. वर्ध्याहून मद्रास. मद्रासहून पार खाली समुद्रापावतर, मंग बोट."

"मंग उद्या निघतो ना आमी," मालक म्हणाले.

"निघा ना. फक्त देवी टोचल्याचा दाखला पाहिजेन. त्याबिगर बोटीत घेत नाहीत."

"कोन टोचते?"

"डाक्टर. दंडावर."

मी कुंपणावरून पाहत होते. मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तोंडाला हिरवट झाक आली. लहानपणी टोचणारा गावात आला तेव्हा हे कणगीत लपले होते आणि ज्वारीसकट दोन दिवसांनी सापडले, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं. माझ्या दंडावर लहानपणचे चार व्रण आहेत. मी ते दाखवत म्हटलं, "माह्यं झालं हाय जी. तुमचं तेवढं राह्यलं."

"सोमवारी टोचून घेतो," मालक म्हणाले. "रविवारी दवाखाना बंद असते."

सोमवारी ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. तिथे फार गर्दी होती. मंगळवारी गर्दी नव्हती, म्हणून त्यांना शंका आली. बुधवारी डॉक्टरचा चेहरा बरोबर वाटला नाही. गुरुवारी दिशाशूल होता, दवाखाना पूर्वेला असला तरी. रोज पहाटे हा माणूस गुलाबाचे शंभर काटे टोचून घ्यायचा आणि रोज दुपारी एका सुईला भिऊन परत यायचा. शेषराव विटेची आठवण द्यायला येत, त्यांना सांगायचे, "तयारी चालू हाय. लंका म्हनजे काय बडनेरा होय काय?"

आणि मी? मी लंकेला निघालेली बाई. मला मागे फिरता येत नव्हतं, पुढे जायला गाडी नव्हती.

जेवणाचं सांगायचं राहिलं. तेव्हा त्यांच्या चुलीवरचं आमच्यात खात नसत. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. पण त्यामुळे झालं असं की माझी भाकर मालकांना करून आणावी लागे. सासूबाई ओट्यावर बसून सांगायच्या, "पानी कमी, थाप हलक्या हातानं," आणि मालक थापायचे. पहिल्या दिवशीची भाकर मी रऊफभाईच्या बैलाला दिली. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. आठव्या दिवशी मात्र भाकर चक्क फुगली. मालक ताट घेऊन कुंपणापाशी उभे राहिले आणि मी पहिला घास खाईपर्यंत हलले नाहीत. "कशी झाली?" विचारलं. चोवीस वर्षांत मी हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला असेन! "बरी हाय," मी त्यांच्याच आवाजात म्हटलं आणि पुढ्यातल्या ताटात पाहू लागले. चहा मात्र मी कुलसुमबीचा प्यायचे. चहा तसाही लंकेचा, त्याला कुठली चूल!

पहिले सात-आठ दिवस झोप काही ऐकेना. तांबडं फुटायच्या आधी डोळे उघडायचे आणि बोटांची आपोआप फुलं तोडायची चिमटी व्हायची. नवव्या दिवशी मी जागी झाले ती तळपायांना चटका बसला म्हणून. पाहते तर छपरीत ऊन आलेलं. माझ्या पायांवर ऊन, आणि मी अजून खाटेवर! आधी वाटलं, मी मेले. मग कुलसुमबी हसताना दिसली. "उठवाचं नव्हतं," ती म्हणाली. "तू घोरून राहिली होती, इतकं छान." मला रडू आलं. उगाच नाही, आनंदानेच आलं, आणि मी ते पुसलं नाही.

मालकांना लवकर टोचून घ्या असं मी एकदाही म्हटलं नाही. पाप लागलं असेल तर लागो.

सतराव्या दिवशी सकाळी मालक बाजारातून परस्पर छपरीत आले. फेटा सैल, दोन्ही हातांना हळद लावलेली. माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसले.

"हे तू वीस वर्सं करून राहिली?" ते म्हणाले.

"चोवीस."

"पावसात भी?"

"पावसात मुंग्या असतात."

त्यांनी हळदीचे हात उपडे केले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "शकुन, मले सुईचं भ्याव वाटते. लंका माह्याच्यानं होत नाही. तू घरी चाल. माय म्हनते, भाकरीत मीठ नसते."

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण चोवीस वर्षांत एकदा हातात आलेली गोष्ट अशी सोडतात का? "मी येतो जी," मी म्हटलं, "पन लंका पाह्यल्याबिगर उंबरठा ओलांडला तर तुमाले वाईट. नत्थुजीनं सांगतलं ना? तुमच्या जिवाशी मी खेळू काय?"

हे ऐकून मालक उठले. मला वाटलं, आता चालले दवाखान्यात. पण ते गेले रऊफभाईकडे. रऊफभाईच्या घरामागे, आणखी दक्षिणेला, पडीक तुकडा होता आणि त्यात एकुलतं एक शिंदीचं झाड. पाणी फिरवणं हा आमच्या माळ्यांचा हातखंडा. काटा काढता येत नसला तरी पाट काढता येतो. दोघांनी मिळून दोन दिवस फावडी मारली. शिंदीभोवती गोल, दोन हात रुंद पाट. रऊफभाईने विहिरीवर बैल जुंपले, मोट चालली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाटात पाणी आलं. मध्ये जमीन, जमिनीवर शिंदी, शिंदीखाली माझी खाट. मालक तेवढ्यावर थांबले नाहीत. देवळातून पाच नारळ आणून त्यांनी सुतळीने शिंदीला बांधले.

नत्थुजींना बोलावलं. त्यांनी पाटाभोवती एक फेरी मारली.

"चहूकडून पानी हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय," मालक म्हणाले.

"दक्षिणेले हाय?"

"बरोब्बर दक्षिणेले."

"मंग हे लंका नाही असं कोन म्हनते?" नत्थुजी म्हणाले आणि एक नारळ मागून घेतला. शेषरावही आले होते, त्यांनी आपली वीट मागितली. मालकांनी विहिरीपाशी पडलेली एक उचलून दिली, आणि ती त्यांनी पायरीला बसवलीसुद्धा.

सासूबाईंना हात धरून आणलं होतं. त्यांनी पाण्याचा आवाज ऐकला, काठीने पाट चाचपला आणि म्हणाल्या, "खुशाल, तुह्या बापानं पन्नास वर्सं पानी फिरवलं रे, पन बायकोसाठी वाफाभर नाही फिरवलं." मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या आधी आमच्या मळ्यातली फुलं त्याच तोडत होत्या.

मी लुगडं पोटरीवर धरून पाट ओलांडला, खाटेवर जाऊन बसले. मालक काठावर चहाचं चित्र हातात धरून एकदा त्यात आणि एकदा माझ्याकडे पाहत होते.

"झाली पाहून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"एका दिसात लंका पाहून होते काय जी?" मी म्हटलं. "आज हा कोपरा पाह्यला. बाकीची हप्त्याहप्त्यानं पाहीन. दर बुधवारी."

"आन् बुधवारची फुलं?"

मी खाटेवर पाय वर घेतले. पाटातलं पाणी पाहत बसले. मालक चित्राकडे पाहत राहिले, मग हातांच्या हळदीकडे. शेवटी त्यांनी घडी घालून चित्र फेट्यात खोचलं आणि म्हणाले, "पावसात मुंग्या असतात म्हनलं ना तू? मंग चुना लावून ठेवा लागन हाताले."

त्या संध्याकाळी मी घरी गेले. उंबरठ्यावर सासूबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, परदेशातून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा.

पुढच्या मंगळवारी मी छपरीत झोपायला गेले. बुधवारी ऊन चांगलं वर आल्यावर पाट ओलांडून शिंदीखाली आडवी झाले आणि पदर तोंडावर घेतला. मग सासूबाईंची काठी वाजली; त्यांना मीच बोलावलं होतं. त्यांची खाट मी आदल्या दिवशीच शेजारी टाकून ठेवली होती. त्या आडव्या झाल्या आणि माझ्या आधी घोरायला लागल्या.

तेवढ्यात कुलसुमबीने घराच्या कोपऱ्यावरून हाक मारली. देवळातून माणूस आला होता, फुलं कमी पडली म्हणून. "बाई, खुशालभाऊ कोठी हायत?" ती विचारत होती.

मी पदर बाजूला केला नाही.

"चित्राच्या बाहेर," मी म्हटलं, आणि कुशीवर वळले.